तिच्या हातात काय द्यायचं

मंगळवारी सकाळी बीडच्या दवाखान्यात माझी मुलगी वारली. तिला डेंग्यू झाला होता. ती अकरावीत होती. दुपारी आम्ही तिला वडवणीला घरी आणलं. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "हिच्या हातात काय द्यायचं?"

याला दोन वर्षं होत आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आयुष्य पुस्तकांत गेलं, तरी हे लिहायला बसले की दिवसाला चार-पाच ओळींच्या पुढे जात नाही. तो प्रश्न काय होता ते आधी सांगते.

आमच्यात मूल जन्मलं की काही दिवसांत स्वामी घरी येतात आणि त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. सुपारीएवढं, काळं, चांदीच्या डबीत. ते मरेपर्यंत अंगावर राहतं. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याला पाणी, भस्म, बेलाचं पान. ज्याचं त्यानं करायचं. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही. माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग देतात आणि तसंच, बसलेलंच, माती देतात. पुढे माणूस कुठे जातो ते ज्याचं त्यानं मानावं. पण हातात काय द्यायचं, हा प्रश्न आमच्या घराण्यात तोवर कुणाला पडला नव्हता.

आमच्या मुलीच्या गळ्यात काही नव्हतं. ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं, आणि एका राजाराणीच्या नादानं ठरवलं होतं.

बोलताना मी नवऱ्याला अहोजाहो करते. कागदावर ते जमत नाही. तो दिंद्रुडला शाळेत इतिहास शिकवतो. आमचं लग्न झालं तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्याच्या पुस्तकात इजिप्तला दीड पान होतं: नाईल, पिरॅमिड, ममी, झालं. तो मात्र एकाच राजावर तासच्या तास घालवायचा. तीन हजारांवर वर्षांपूर्वीचा देश. ढिगानं देव, प्रत्येक देवाचं देऊळ, देवळाच्या जमिनी, धान्याची कोठारं, पुजाऱ्यांची सुटलेली पोटं. त्यात एक राजा उठतो आणि म्हणतो, हे सगळं बंद. देव एकच, तो वर दिसतो तो. अंधारा गाभारा नको, मूर्ती नको. त्यानं जुनी देवळं बंद केली, स्वतःचं नाव बदललं, नदीकाठच्या वाळवंटात नवी राजधानी वसवली आणि सूर्यासाठी बिनछपराची देवळं बांधली. शेजारी राणी. ती नुसती मागं उभी नाही. काही चित्रांत ती एकटीच सूर्याला नैवेद्य दाखवते. हे सांगताना माझा नवरा खडू हातात धरून वर्गाच्या दारापर्यंत चालत जायचा. पोरं त्याला मागून 'फारो सर' म्हणायची. ते त्याला माहीत होतं, आणि आवडायचं.

त्या राजाराणीची नावं मी लिहिणार नाही. त्यांच्या मागून आलेल्यांनी ती छिन्नीनं दगडावरून खरवडून काढली. बरं केलं.

तेव्हा मला असं वाटत नव्हतं. माहेरी मी वाचते हे सगळ्यांना दिसायचं, पण काय वाचतेस असं कुणी विचारलं नव्हतं. इथे एक माणूस भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून मला सांगत होता की त्या राजानं स्वतःला मुलींशी खेळताना कोरू दिलं, एक मुलगी मांडीवर, एक राणीच्या खांद्यावर चढलेली, आणि त्याआधी असं कुठल्याच राजानं केलं नव्हतं. त्याचं इंग्रजी कच्चं होतं. मी पुण्याहून पुस्तकं मागवायचे, रात्री जेवणं झाली की पानं मराठीत करून वहीत लिहून द्यायचे. म्हणजे तो राजा आमच्या घरात आला तो माझ्या अक्षरातून. हे मी लपवत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाई माहेरी तेलगावला गेल्या असताना आम्ही देवघर रिकामं केलं. चांदीचे टाक, पितळेचा नंदी, घंटा, समई, सगळं एका पिशवीत भरलं. तो म्हणाला, "आधी आपलं." आम्ही आपापल्या गळ्यातली लिंगं काढून त्याच पिशवीत टाकली. मोटरसायकलवर मी मागे, पिशवी मांडीवर. नदीच्या पुलावर गाडी थांबवून त्यानं पिशवीचा एक बंद धरला, मी दुसरा, आणि दोघांनी पिशवी पाण्यात सोडली. मला हसू येत होतं. गळ्याला हलकं वाटत होतं. परत येताना आम्ही तेलगाव रोडला उसाचा रस प्यालो.

देवघराच्या कोनाड्यात त्यानं एक रंगीत चित्र फ्रेम करून लावलं. वर सूर्याची तबकडी, तिच्यातून निघालेले किरण, प्रत्येक किरणाच्या टोकाला एक हात. खाली लांबट चेहऱ्याचा, पोट सुटलेला राजा, राणी आणि तीन मुली.

सासूबाई परतल्या त्या कोनाड्यापुढे येऊन थांबल्या. पिशवी खांद्यालाच होती.

"हे कोन?"

त्यानं सांगितलं. बराच वेळ सांगितलं. पुजारी माणसाला कसे लुबाडतात, देवळांनी देश कसा खाल्ला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपल्यात कोन पुजारी हाय?" त्या म्हणाल्या. "आपला देव गळ्यात. देवळात जायचं काम न्हाई, कुनाचं पोट भरायचं न्हाई. मंग तू बंद केलंस ते काय केलंस?"

तो कोनाड्यातली फ्रेम सरळ करू लागला. उत्तर मी दिलं. मी म्हणाले, गळ्यातला असो की देवळातला, दगड तो दगडच. त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून हातपाय धुवायला गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या.

आमचा पंथच मुळात देवळांच्या विरोधात निघाला. माणसानं आपला देव आपल्या हातात घ्यावा, मध्ये कुणी नको, एवढीच त्याची गोष्ट. आम्ही दोघं शिकलेले, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण तिकडच्या पुजाऱ्यांवर काढलेली छिन्नी आम्ही आमच्या घरात चालवली. इथे मोडायला पुजारी नव्हता, म्हणून म्हातारीचा टाक मोडला.

माझे दीर गावात भुसार मालाची आडत चालवतात. ते चार माणसांत माझ्या नवऱ्याला हटकायचे, "राजेसाहेब, आज ऊन बरं हाय. दर्शन झालं का?" लोक हसायचे. तो हसायचा नाही. त्याला वाटायचं की हसणाऱ्यांतूनच तो राजाही गेला असणार.

मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी स्वामींना निरोप धाडला होता. माझ्या नवऱ्यानं त्यांना दारातून चहा देऊन परत पाठवलं. सासूबाई बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तुमचं तुमी काय बी करा," त्या म्हणाल्या. "हिला कावून उघडी ठेवता?" नंतर महिनाभर रोज हाच विषय निघायचा. मग एके दिवशी त्यांनी तो सोडून दिला. आम्हाला वाटलं आम्ही जिंकलो.

ती आजीपाशीच वाढली. मी कॉलेजात, तो दिंद्रुडला. आठवडी बाजाराला दोघी जायच्या. भाजीवाल्यांशी हुज्जत आजी घालायची आणि शेवटचा भाव नात ठरवायची. शाळेच्या आधी अर्धा तास ती आजीच्या खोलीत असायची. आम्ही समजायचो, लाडूसाठी. कोनाड्यातल्या राजाला ती 'लांबतोंड्या' म्हणायची. एकदा जेवताना तिनं बापाला विचारलं, "बाबा, एवढा देश सुधारला, तर ह्याला पोट आत घे म्हणून कुणी सांगितलं नाही का?" तो पोटभर हसला. त्या राजाची चेष्टा करायची सूट त्या घरात तिला एकटीला होती.

मग तो मंगळवार.

प्रश्न ऐकून माझा नवरा म्हणाला, "काही द्यायचं नाही." ओसरीवर माणसं जमली होती. स्वामी आले होते, दीर होते, शेजारचे होते. सासूबाई उठून आत गेल्या आणि चांदीची डबी घेऊन आल्या. डबीला नवा दोरा होता.

ती दीड महिन्याची असताना त्यांनी ते लिंग आणवून घेतलं होतं आणि सतरा वर्षं जपलं होतं. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही हा नेम त्यांनी सात-आठ वर्षं रोज मोडला होता. रोज सकाळी आपल्या लिंगाला पाणी घातल्यावर त्या हिच्या लिंगाला हिच्या नावानं पाणी घालायच्या. मग हात बसल्यावर ती स्वतःच घालू लागली. तळहातावर घ्यायची, पूजा करायची, डबी आजीच्या ट्रंकेत ठेवायची आणि दप्तर उचलून शाळेत जायची. आम्हाला सांगायचं नाही, हे दोघींचं ठरलं होतं.

"हे तिचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या हातानं पूजलेलं हाय. हे द्या."

माझ्या नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. मुलगी गेल्याचं दुःख त्यावर सकाळपासून होतं. आता वर दुसरं काही चढलं. त्याच्याच घरात, त्याच्या पाठीमागे. तो म्हणाला, ती लहान होती, आजीच्या प्रेमानं करत होती. आयुष्यभर जे गळ्यात नव्हतं ते मेल्यावर हातात देणं हा खोटेपणा आहे.

दीर पुढे झाले. "दादा, आजच्या दिस तरी नको. आईकडं बघ."

"आजच्या दिवसापुरतं म्हणजे खोटंच ना."

स्वामी हळू आवाजात म्हणाले की लिंग हातात नसेल तर बसवून माती देता येणार नाही. तो म्हणाला, मग जाळू. आणि तो माझ्याकडे वळला. त्यानं मला नीट, सगळ्यांसमोर विचारलं. "तू आई आहेस. तू सांग. तू म्हणशील तसं."

सासूबाई डबी धरून माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "नको."

का म्हणाले, याची बरीच कारणं मी दोन वर्षांत गोळा केली. हो म्हटलं असतं तर तो त्या ओसरीवर एकटा पडला असता. हो म्हटलं असतं तर माझ्या वह्या, पूल, मोकळा गळा, सगळंच खोटं ठरलं असतं. तोंडाला त्याच्या बाजूनं बोलायची सवय होती. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातलं एकही मला पुरत नाही.

तिला जाळलं. लाकडं दिरांनी आणली. राख माझ्या नवऱ्यानं आमच्या शेतात पसरली आणि पुढच्या आठवड्यात तिथे नांगर फिरला. त्याला त्यात काहीतरी मोठं वाटत होतं. माती, सूर्य, पीक. त्या वर्षी तिथे कापूस झाला. नांगराच्या कुठल्या तासात ती होती हे कुणाला सांगता येणार नाही.

दिवस झाले नाहीत, कारण दिवस घालायचे नव्हते. मी तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसले आणि ती जुनी पुस्तकं पुन्हा काढली. या वेळी त्याच्यासाठी नाही.

पहिल्या वाचनात मी काय काय सोडून दिलं होतं ते आता दिसलं. किरणांच्या टोकांचे ते हात फक्त राजाराणीच्या नाकाशी जिवाची खूण धरतात. बाकी कुणापर्यंत ते पोचत नाहीत. सूर्याची पूजा राजाराणीनं करायची आणि लोकांनी राजाराणीची. पुजारी घालवला असं आम्ही म्हणत होतो. खरं म्हणजे दोनच पुजारी ठेवले होते. त्या राजधानीत चांगल्या घरांतून देवाच्या जागी राजाराणीचंच कोरलेलं चित्र असायचं. हे वाचल्यावर मी घरी आले आणि कोनाड्यातलं चित्र काढून माळ्यावर टाकलं. नवऱ्यानं पाहिलं.

परदेशचे दूत त्या बिनछपराच्या जागी तासन्‌तास उन्हात उभे केले जात, म्हणून एका परक्या राजानं चिडून पत्र लिहिलं होतं. ती राजधानी उभारणाऱ्यांच्या कबरी सापडल्या आहेत. कितीतरी जण कोवळ्या वयाचे, ओझ्यानं पाठी मोडलेल्या. आणि मजुरांच्या घरांत, थेट राजाच्या नाकाखाली, बायकांनी जपलेले छोटे देव सापडले. एक बुटका, जीभ बाहेर काढलेला. एक पोटुशी पाणघोडी. बाळंतिणीला आणि लेकराला राखणारे. ते हातात मावतील एवढे आहेत. सतरा वर्षं राजाचं राज्य होतं आणि सतरा वर्षं कुणीतरी ते झाकून ठेवत होतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या देशात मेलेल्यांचा एक वेगळा देव होता. तो स्वतः मेला होता, त्याचे तुकडे झाले होते, आणि त्याच्या बायकोनं ते तुकडे गोळा करून त्याला परत जोडला होता. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला एवढं तरी म्हणता यायचं की आता ते त्याच्याकडे आहे. या राजानं त्याचंही नाव पुसलं. मेलेल्यांनी आता रात्री झोपायचं आणि सकाळी उजेडात देवळाच्या आसपास फिरायचं, एवढंच ठेवलं. एका माणसाला सूर्य आवडला म्हणून देशभरच्या आयांकडून त्यांच्या मेलेल्या लेकरांचा पत्ता काढून घेतला.

आणि मग त्याची स्वतःची मुलगी वारली. दुसरी. लहानच होती. डोंगरात खोदलेल्या राजाच्या कबरीत तिच्यासाठी खोली आहे. भिंतीवर ती निजलेली आहे आणि समोर राजा आणि राणी हात डोक्याशी नेऊन रडताहेत. राजानं राणीचा दंड धरला आहे. हे चित्र नवऱ्यानं मला लग्नाच्या वर्षी दाखवलं होतं, राजाला माणसासारखं रडताना प्रथमच कोरलं म्हणून. मी तेव्हा त्याखालची ओळ सुंदर अक्षरात मराठी करून दिली होती.

ते पान मी एका रविवारी दुपारी त्याच्यापुढे ठेवलं. तो शाळेचे पेपर तपासत होता.

"दुसऱ्यांच्या मेलेल्यांचा देव काढून घेतला," मी म्हणाले, "आणि आपल्या मुलीला मात्र खोली कोरली. तुम्ही तर तेवढंही केलं नाही. तुम्ही नांगर फिरवला."

त्यानं चष्मा काढला. पान जवळ ओढून पाहिलं. मला वाटलं रडेल. रडला असता तर कदाचित मी पुस्तक मिटलं असतं.

"तुला विचारलं होतं मी," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत."

एवढं बोलून त्यानं पुढचा पेपर घेतला.

त्या राणीला कुणी काही विचारलं होतं की नाही, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नाही. काही वर्षांनी ती चित्रांतून दिसेनाशी होते आणि विद्वान तिच्याबद्दल भांडत बसतात. तिच्यासाठी सबब शोधता येते. माझ्यासाठी येत नाही. म्हणून राजाचा मला येतो तो राग सरळ आहे, आणि राणीचा येतो तो माझ्यावरच परत येतो.

राजा मेल्यावर जुनी देवळं पुन्हा उघडली, राजधानी ओस पडली, माणसं सामान उचलून आपल्या जुन्या गावी गेली. आमच्याकडे असं काही झालं नाही. नवरा रोज दिंद्रुडला जातो. पोरं सांगतात की सर आता इजिप्त एका तासात संपवतात. आम्ही एका ताटलीतली चटणी दोघांत वाढून घेतो आणि मिठाबद्दल बोलतो.

गेल्या महिन्यात मी धीर करून सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी गेले. त्यांची पूजा चालली होती. त्या अजून दोन्ही लिंगांना पाणी घालतात. मी ती आटोपेपर्यंत उभी राहिले.

"आत्याबाई, तिचं लिंग मला द्या," मी म्हणाले. "मी रोज करत जाईन."

"कशाला?"

"तुमचं वय झालं. हात कापतो तुमचा."

"कापू दी." त्यांनी डबी बंद करून दोरा गुंडाळला. "जिनं सोताचं पान्यात सोडलं, तिच्या हाती लेकराचं देऊ व्हय?"

मी म्हणाले की मी चुकले. हे मी त्यांना पहिल्यांदाच म्हणत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता असं मी लिहू शकत नाही.

"त्या दिशी एक शब्द लागत व्हता," त्या म्हणाल्या. "आता लई बोललीस तरी त्याचं काय करायचं?"

मी परत आले.

सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. रोज सकाळी मी पाण्याचा तांब्या भरून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवते. आत जात नाही. त्या आपल्या लिंगाला पाणी घालतात, मग तिच्या. त्यांच्यामागे ते कुणाकडे जायचं हे त्यांनी दिरांना सांगून ठेवलं आहे, मला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला जागा म्हणून आता ती डबी तेवढीच आहे.